अर्धवट सोडलेला पीळ

एप्रिलात पहाटे नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटकडे निघालं, की जंगल दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मोहाचा. गोड, जड, किंचित आंबूस. रात्रभर टपटपलेली फुलं झाडाखाली पिवळट मोत्यांसारखी पडलेली असतात. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या मोहांखाली उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन बसतात. अस्वलालाही हीच फुलं आणि हीच वेळ आवडते, म्हणून वेचणाऱ्यांचा एक कान सतत झाडोऱ्याकडे असतो. मोहाचं फूल म्हणजे साखरेची पिशवीच. वाळलं की त्याच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग साखर असते.

गेटाच्या अलीकडे एका गावात मी उतरलो होतो. त्या घराच्या मागच्या पडवीत, तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं होतं. भिजवलेल्या मोहफुलांचा सडवा, तिसरा दिवस. (कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. मी नुसता डोकावलो, एवढं नोंदवून ठेवतो.) फडकं बाजूला केलं तर वर तपकिरी फेस, त्यात बुडबुडे येत होते, फुटत होते, आणि कान जवळ नेला तर आतून बारीक सळसळ ऐकू येत होती. घरातल्या आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय पाहून रायले जी?"

म्हटलं, "चूल नाही, तरी उकळतंय."

"जितं हाये ना ते," त्या म्हणाल्या आणि फडकं पुन्हा बांधून गेल्या.

हेच सांगायला मला वर्गात आठवडाभर लागतो.

मडक्यात जितं असतं त्यात बरीच सरमिसळ असते. पण दारूचं प्रमाण वाढत गेलं की बाकीचे गळतात आणि मुख्यतः एक यीस्ट टिकून राहतं. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारं, ताडी आंबवणारं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत सगळ्यात जास्त वाढवलं जाणारं यीस्ट हेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथंही त्याचे वाण जपून ठेवले आहेत. एक पेशी सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे अशा २०० पेशी एका ओळीत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. खायला भरपूर असेल आणि ऊब असेल तर दीड तासात तिच्या अंगावर कोंब फुटतो, वाढतो आणि सुटा होतो. आईची एक पेशी, लेकीची एक.

त्या दीड तासातला एक छोटा तुकडा मला इथे उलगडून दाखवायचा आहे. पेशी आपला डीएनए उघडते तो तुकडा. तो उघडणाऱ्या एन्झाइमांना हेलिकेज म्हणतात. एकटं हेलिकेज कसं चालतं हे पाठ्यपुस्तकात सापडतं. खरी गंमत त्यांच्या आपसातल्या व्यवहारात आहे: कोण कोणाचा हात धरतो, कोण कोणाच्या पाठीशी उभा राहतो, आणि एक नसला की कोणाचं अडतं.

आधी दोराचं पाहू.

घरात दोन पदरी सुतळी असेल तर हातभर तुकडा घ्या. एक टोक खिळ्याला पक्कं बांधा. मोकळ्या टोकाचे दोन पदर दोन हातांत धरा आणि फाकवायला लागा. पहिली वीतभर छान सुटते. मग पुढची सुतळी कडक होत जाते. आणखी ओढलं की तिच्यावर आट्या चढतात, ती स्वतःभोवतीच वेटाळते आणि शेवटी हात थांबतो. सुटलेला पीळ कुठे गेलेला नसतो, तुम्ही तो पुढे ढकललेला असतो. डीएनए हा असाच दोन पदरी दोर आहे. यीस्टच्या एका पेशीत तो १६ तुकड्यांत, म्हणजे १६ गुणसूत्रांत असतो. सगळ्यांवर मिळून सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांच्या जोड्या. दर साडेदहा अक्षरांना एक वेढा, म्हणजे साडेअकरा लाखांच्या आसपास पीळ. हा सगळा दोर टोकाला टोक जोडून सरळ केला तर चार मिलिमीटर भरेल, पेशीच्या रुंदीच्या आठशे पट. पेशीची नक्कल करायची तर यातला प्रत्येक पीळ एकदा सुटलाच पाहिजे.

पुढे साचणारा पीळ काढायला वेगळी एन्झाइमं आहेत, टोपोआयसोमरेज. ती दोर क्षणभर कापतात, पीळ निसटू देतात आणि टोकं पुन्हा जोडतात. हेलिकेज मात्र कापत नाही. ते एका पदरावर बसतं, एटीपीचं इंधन जाळत ठरलेल्या दिशेनं सरकतं आणि वाटेतला जोडीदार पदर बाजूला ढकलतं. जीवाणूंमधलं पहिलं हेलिकेज १९७६ मध्ये सापडलं. आज यीस्टचं जनुकभांडार चाळलं तर शंभराहून जास्त जनुकांवर हेलिकेजच्या खुणा दिसतात. त्यातली बरीचशी आरएनएवर काम करतात, त्यांना आपण इथे हात लावणार नाही.

पदर सुटले की ते उघडे पडतात आणि तिथेच धोका सुरू होतो. उघडा पदर चिकट असतो. तो स्वतःशीच वळतो, दुसऱ्या कशाला तरी चिकटतो, लवकर तुटतो. म्हणून पेशीची काळजी दोर उघडायचा कसा एवढ्यावर थांबत नाही. उघडल्यावर तो कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय ती उघडूच देत नाही. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते मुख्य हेलिकेजमध्ये.

या हेलिकेजचं नाव एमसीएम. सहा प्रथिनांचं कडं. पेशी विभाजनाच्या आधी, नक्कल सुरू व्हायच्या बऱ्याच अगोदर, ही कडी डीएनएवर ठरलेल्या जागी ओवली जातात, दोन-दोन, तोंडं समोरासमोर करून. ओवायला ओआरसी नावाचं सहा प्रथिनांचं पथक आणि आणखी दोन मदतनीस लागतात. ओवून झालं तरी काही होत नाही. कडं दोरावर नुसतं बसून असतं, गाडी स्टार्ट न केलेल्या ड्रायव्हरसारखं. योग्य वेळ आली की पेशीतली दोन नियामक एन्झाइमं त्याला खुणा करतात. मग सीडीसी-४५ नावाचं एक प्रथिन आणि चार प्रथिनांचा एक जथा कड्याला येऊन बिलगतात. हा जथा जपानी संशोधकांनी शोधला आणि त्याचं नाव ठेवलं जिन्स. यातल्या प्रथिनांच्या नावांत पाच, एक, दोन, तीन हे आकडे येतात. जपानीत ते गो, इची, नी, सान, त्यांची आद्याक्षरं म्हणजे जिन्स. सहा अधिक एक अधिक चार, असे अकरा भाग जुळले की यंत्र चालू होतं. एकटं एमसीएमचं कडं जवळपास निकामी असतं. जोडीदार बिलगले की तेच कडं मिनिटाला दीड-तीन हजार अक्षरं उघडत जातं.

२०१५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन डिफ्ली यांच्या प्रयोगशाळेनं हे सगळं नळीत करून दाखवलं. यीस्टमधून काढून शुद्ध केलेले १६ घटक (त्यांतली सुटी प्रथिनं मोजली तर ४२) एकत्र केले आणि डीएनएची नक्कल योग्य जागेवरून सुरू झाली. यादीतला एखादा कळीचा घटक वगळला की काम बंद. यंत्राला किमान काय लागतं याची ती पावती होती.

थोडा हिशेब करू. मिनिटाला दोन हजार अक्षरं धरली आणि एकाच जागेवरून एकाच दिशेनं उघडत गेलं, तर १ कोटी २० लाख अक्षरांना सहा हजार मिनिटं लागतील, म्हणजे १०० तास. पेशी हे काम अर्ध्या तासात उरकते. कारण ती चारेकशे जागांवरून सुरुवात करते आणि प्रत्येक जागेवरून दोन यंत्रं विरुद्ध दिशांना धावतात. उघडत जाणाऱ्या प्रत्येक टोकाला फाटा म्हणतात, दोराचे दोन पदर फाकलेली ती जागा. एकाच पेशीत शेकडो फाटे धावत असतात आणि एकाही फाट्याला वाटेत अडकून चालत नाही.

पण अडतंच. नागझिऱ्यात जिप्सीतून फिरताना रस्त्यात गवा उभा असला तर जिप्सी थांबते, गाईड हळूच हात वर करतो, आणि गव्याची मर्जी होईपर्यंत सगळे श्वास धरून बसतात. तिथे तेच बरोबर आहे. फाट्याला मात्र असं थांबणं परवडत नाही. थांबलेल्या फाट्याजवळ पदर उघडे पडून राहतात. डीएनएवर ठिकठिकाणी प्रथिनांचे घट्ट गठ्ठे बसलेले असतात: ट्रान्सफर-आरएनएच्या जनुकांवर, गुणसूत्राच्या मध्यावर आणि टोकांवर, रायबोसोमच्या जनुकांच्या लांबच लांब रांगेत. तिथे मुख्य यंत्र अडखळतं. म्हणून फाट्याबरोबर एक दुसरं हेलिकेज फिरतं, आरआरएम-३. फाट्यावर पीसीएनए नावाची तीन भागांची कडी डीएनएवरून सरकत असते, आरआरएम-३ तिला धरून राहतं. गठ्ठा आला की हे पुढे होऊन तो ढकलतं. २००३ च्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की आरआरएम-३ नसेल तर फाटे सुमारे १४०० जागी अडखळतात.

आरआरएम-३ ला एक सख्खा भाऊ आहे, पिफ-१. दोघांचं अंग इतकं सारखं की एकाच्या जागी दुसरा चालेल असं वाटावं. रायबोसोमच्या जनुकांजवळ मात्र त्यांचं वागणं उलट आहे. तिथे मुद्दाम उभारलेला एक अडथळा आहे, फाटा एका बाजूनं पुढे जाऊ नये म्हणून. आरआरएम-३ फाट्याला तो ओलांडायला मदत करतं, पिफ-१ तो अडथळा टिकवून धरतं. घराघरात असे भाऊ असतात. पिफ-१ चं आणखी एक काम जास्त गाजलं: गुणसूत्रांची टोकं लांबवणाऱ्या टेलोमरेजला ते दोरावरून उतरवतं. पिफ-१ नसेल तर टोकं गरजेपेक्षा लांब होत जातात. याचा एक अवतार केंद्रकात काम करतो, दुसरा मायटोकॉन्ड्रियात, आणि दोघांचं जनुक एकच.

इथपर्यंतची मंडळी दोर उघडणारी आणि वाट मोकळी करणारी आहेत. यापुढची दोन हेलिकेजं मला वैयक्तिक आवडीची आहेत, कारण ती पुसण्याचं काम करतात.

डीएनए तुटला किंवा फाटा फार वेळ रखडला, की रॅड-५१ नावाचं प्रथिन उघड्या पदरावर ओळीनं चढून बसतं. त्याचं काम दुरुस्तीचं. उघड्या पदराला घेऊन ते त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधायला जातं, त्या दोरात घुसतं आणि हरवलेला भाग तिथून उतरवून घेतं. या कामात दोन दोर एकमेकांत विणले जातात. दुरुस्ती गरजेची, पण त्यासाठी दोन दोरांची गाठ बांधावी लागते, आणि ती गाठ कोणीतरी सोडवावी लागते.

एसआरएस-२ हे हेलिकेज रॅड-५१ वर लक्ष ठेवतं. फाट्यावरच्या पीसीएनएच्या कडीला नक्कल चालू असताना एक छोटं प्रथिन चिकटवलं जातं, त्याचं नाव सुमो. (टाटांच्या गाडीशी संबंध नाही.) एसआरएस-२ च्या शेपटीत असा एक भाग आहे की तो एकाच वेळी सुमोलाही धरतो आणि कडीलाही. दोन हात टेकले की पकड पक्की होते. अशा रीतीनं एसआरएस-२ फाट्यावर हजर राहतं, आणि गरज नसताना रॅड-५१ उघड्या पदरावर चढलं असेल तर पदरावरून चालत जाऊन त्याचे कण एकेक करून खाली पाडतं. एसआरएस-२ चा आणि रॅड-५१ चा थेट स्पर्श होतो. त्या स्पर्शानं रॅड-५१ स्वतःजवळचा एटीपी जाळून टाकतं आणि त्याची पकड सुटते. पोलिसानं हात उगारायच्या आधीच फेरीवाल्यानं आपणहून पथारी गुंडाळावी, तसं. नळीतल्या प्रयोगांतून हे पहिल्यांदा २००३ मध्ये दोन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं.

एसजीएस-१ हे दुसरं. हे गाठ पडून गेल्यावर येतं, आणि ते कधी एकटं येत नाही. टॉप-३ नावाचं टोपोआयसोमरेज आणि आरएमआय-१ नावाचं छोटं प्रथिन त्याला बिलगलेले असतात. एसजीएस-१ विणलेल्या दोन दोरांच्या गाठी एकमेकांकडे ढकलत नेतं आणि शेवटी उरलेला वेढा टॉप-३ कापून, निसटवून, जोडून टाकतं. दोन दोर जसे होते तसे सुटे होतात, कोणाचा तुकडा कोणाकडे जात नाही. एसजीएस-१ चं नाव पडलं त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९९४ मध्ये संशोधक टॉप-३ नसलेलं यीस्ट वाढवत होते. ते फारच मंद वाढतं. त्यात अधूनमधून एखादी वसाहत अचानक झपाट्यानं वाढलेली दिसायची. तपासलं तर तिच्यात आणखी एक जनुक मोडलेलं होतं. मंद वाढ दाबणारं म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं एसजीएस-१.

इथे थोडं थांबूया, कारण बरेच जण या जागी गोंधळतात. टॉप-३ मोडलं की यीस्ट आजारी पडतं. त्यावर आणखी एक एन्झाइम मोडलं की ते बरं होतं? होतं. एसजीएस-१ काम सुरू करून देतं आणि टॉप-३ नं ते पुरं करायचं असतं. टॉप-३ नसेल तर एसजीएस-१ प्रत्येक वेळी गाठी अर्ध्या वाटेत नेऊन सोडतं. हा अर्धवट सोडलेला पीळ मूळ गाठीपेक्षा घातक असतो. एसजीएस-१ पण नसेल तर काम सुरूच होत नाही, पेशी दुसऱ्या कुठल्या तरी कमी चांगल्या वाटेनं निभावून नेते. हेलिकेजचं जग समजून घ्यायला मला एवढी एकच किल्ली पुरली. मुख्य यंत्र जोडीदारांशिवाय चालू होत नाही, तेही याच कारणानं.

एसजीएस-१ चा आणखी एक जोडीदार आहे आणि तो स्वतः हेलिकेज आहे. त्याचं नाव डीएनए-२. नाव घोटाळ्याचं, पण हे प्रथिनच आहे. डीएनए तुटला की तुटलेल्या टोकाचा एक पदर मागे मागे कुरतडत न्यावा लागतो, म्हणजे रॅड-५१ ला बसायला उघडा पदर मिळतो. एसजीएस-१ दोर उघडत पुढे जातं आणि डीएनए-२, ज्याच्या अंगात कात्रीही आहे आणि मोटरही, सुटलेल्यांपैकी एकच पदर कापत जातं. दोन हेलिकेजं एकमेकांना धरून, एक एका पदरावर आणि दुसरं दुसऱ्यावर, एकाच दिशेनं चालतात. उघड्या पदरावर चढणारं आरपीए नावाचं आवरण कुठला पदर कापायचा आणि कुठला सोडायचा ते ठरवतं.

एवढं सगळं कोण कोणाला धरतं हे कळलं कसं? पाच मायक्रॉनच्या पेशीत डोकावून दिसण्यासारखं हे नाही.

पहिली युक्ती १९८९ ची, स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांची. जनुक चालू करणारं यीस्टचं एक प्रथिन त्यांनी मधोमध तोडलं. एक अर्धा भाग डीएनएला धरतो, दुसरा जनुक चालू करतो, दोघं सुटे असले की काहीच होत नाही. मग पहिल्या अर्ध्याला एक प्रथिन जोडायचं, गळाला आमिष लावतात तसं, आणि दुसऱ्याला संशयित जोडीदार. दोघं पेशीत एकमेकांना बिलगले की तुटलेले अर्धे भाग जवळ येतात, जनुक चालू होतं, आणि वसाहत निळी होते किंवा उपाशी ताटलीवर वाढते. हुशार युक्ती आहे आणि तिनं हजारो जोड्या सापडल्या. पण माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. काही प्रथिनं कोणालाही चिकटतात. एका पंगतीत बसले म्हणून दोघं नातेवाईक ठरत नाहीत. म्हणून मग पेशी फोडून, एका प्रथिनाला धरून ओढायचं आणि बरोबर कोण येतं ते पाहायचं. त्यानंतर शुद्ध प्रथिनं नळीत घालून खात्री करायची. एसआरएस-२ आणि एसजीएस-१ या दोघांना ओढलं, तेव्हा दोघांबरोबर एमआरई-११ हे तुटलेली टोकं हाताळणारं प्रथिन आलं. डीएनएला इजा झाली की मात्र ते दोन वेगळ्या पथकांत विभागले जातात, हेही दिसलं.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण तीत स्पर्श लागतच नाही. दोन हेलिकेजं एकमेकांना कधी भेटत नसतील, तरी त्यांचं नातं ती पकडते. त्यासाठी लागते काचेची सुई.

यीस्टला उपाशी ठेवलं की पेशी बीजाणू करते, एका पातळ पिशवीत चार. आई-बापाकडून आलेली जनुकं या चौघांत वाटली जातात. पिशवीची भिंत एन्झाइमनं सैल करायची (पूर्वी त्यासाठी गोगलगाईच्या पोटातला रस वापरत). मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून थोड्या जाड काचेच्या सुईच्या टोकावर चारही बीजाणू उचलायचे आणि आगरच्या ताटलीवर एका ओळीत, ठरावीक अंतरानं, एकेक ठेवायचा. मग दुसरी पिशवी, दुसरी ओळ. एमएस्सीच्या वेळी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा श्वास रोखून दोन तासांत दहा पिशव्या ठेवल्या आणि ताटली उचलताना खूण करायला विसरलो. तिसऱ्या दिवशी वसाहती उगवल्या, पण कुठली बाजू वर आणि कुठली खाली ते मला सांगता येईना. ते दोन तास गेले.

नीट केलं तर तिसऱ्या दिवशी ताटलीवर चार-चार ठिपक्यांच्या ओळी दिसतात, रांगोळीसारख्या. आता समजा, आईत एसजीएस-१ मोडलेलं आहे आणि बापात एसआरएस-२. एकटं एसजीएस-१ नसलेलं यीस्ट वाढतं. एकटं एसआरएस-२ नसलेलंही वाढतं. दोन्ही नसलेला बीजाणू कुठल्याही पिशवीत सरासरी चारांत एक असतो. ताटलीवर तीच जागा रिकामी दिसते. बहुतेक ओळींत तीन ठिपके, काहींत दोन, काहींत पुरे चार. रिकाम्या जागेवर भिंग धरलं तर काही पेशींचा पुंजका दिसतो, चार-सहा वेळा विभागून थकलेला. एकेकटे निभावून नेतात, दोघे नसले की पेशी मरते. म्हणजे दोघं एकाच संकटाला दोन वाटांनी सामोरे जातात.

पण कुठल्या संकटाला? इथे तिसरं जनुक मोडून पाहायचं. २००० मध्ये हे झालं. एसजीएस-१ नाही, एसआरएस-२ नाही, आणि रॅड-५१ पण नाही. रिकाम्या जागी वसाहत उगवली.

टॉप-३ ची कथा आठवा. तेच पुन्हा. एसआरएस-२ नसल्यानं रॅड-५१ नको तिथे चढतं आणि गाठी बांधतं. एसजीएस-१ नसल्यानं त्या सुटत नाहीत. पेशी मरते ती अशा अडकलेल्या गाठींनी. रॅड-५१ नसेल तर गाठी बांधल्याच जात नाहीत. दुरुस्तीचं एक चांगलं हत्यार गमावून पेशी वाचते. पुढे २००४ मध्ये आरआरएम-३ बाबतही हेच दिसलं. आरआरएम-३ आणि एसआरएस-२, किंवा आरआरएम-३ आणि एसजीएस-१, ही जोडी नसली की यीस्टचे हाल होतात, आणि रॅड-५१ काढलं की ते सावरतं. फाटा अडखळला म्हणून मरण येत नाही. अडखळल्यावर सुरू झालेली दुरुस्ती पुरी न झाल्यानं येतं. हे वाचून कळत होतंच, पण ताटलीवर रिकाम्या जागी उगवलेला ठिपका पाहिला तेव्हा मला ते पटलं.

सुईनं एकेक पिशवी उचलणं पुरत नाही, म्हणून २००१ मध्ये कॅनडात हेच काम यंत्राच्या हाताला दिलं. एका मोडलेल्या जनुकाची हजारो मोडलेल्या जनुकांशी एकेक करून गाठ घालायची आणि कोण जगत नाही ते मोजायचं. सुरुवातीला त्यांनी ज्या आठ जनुकांची अशी परीक्षा घेतली, त्यांत एसजीएस-१ होतं. २०१६ पर्यंत अशा २ कोटी ३० लाखांहून जास्त जोड्या तपासून झाल्या. यीस्टला सुमारे सहा हजार जनुकं आहेत. त्यांतली हजारेक सोडली तर बाकी कुठलंही एकेकटं मोडलं तरी ते चालवून घेतं, आणि म्हणूनच जोड्या मोडून पाहाव्या लागतात.

आता प्रश्न येतो, मडक्यातल्या या उठाठेवीशी आपला काय संबंध. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधले त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ब्लूम यांनी एका दुर्मीळ आजाराची नोंद केली. मुलं उंचीला फार कमी, उन्हात चेहऱ्यावर लाल चट्टे. पुढे दिसलं की यांना कमी वयात तऱ्हेतऱ्हेचे कर्करोग होतात. यांच्या पेशींत बहीण-गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल नेहमीच्या सुमारे दहापट करतात. आजाराचं जनुक १९९५ मध्ये सापडलं आणि ते एसजीएस-१ चं मानवी भावंड निघालं. पुढच्याच वर्षी वर्नर सिंड्रोमचं जनुक सापडलं. या आजारात माणूस ऐन तारुण्यात म्हातारा दिसू लागतो. तेही त्याच घराण्यातलं हेलिकेज. १९९८ मध्ये एसजीएस-१ नसलेल्या यीस्टमध्ये ही दोन मानवी जनुकं घातली, तर त्यातली नको ती अदलाबदल कमी झाली. नागझिऱ्याच्या मडक्यातला जीव आणि आपण यांच्यात शंभर कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तरी माणसाचं हेलिकेज यीस्टमध्ये काही प्रमाणात चालून गेलं.

रिकाम्या जागेच्या युक्तीलाही आता दवाखान्यात किंमत आली आहे. काही कर्करोगांत, विशेषतः मोठ्या आतड्याच्या काही गाठींत, नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा मोडलेली असते. २०१९ मध्ये असं दिसलं की अशा पेशी वर्नरच्या हेलिकेजवर अवलंबून असतात. ते काढलं तर त्या मरतात आणि निरोगी पेशी जगतात. एकेकटं मोडलं तर चालतं, दोन्ही मोडलं की मरण. ताटलीवरचा तोच रिकामा ठिपका, फक्त या वेळी तो हवासा. त्या हेलिकेजला अडवणारी औषधं सध्या रुग्णांवर तपासली जात आहेत.

परतीच्या दिवशी पडवीत पुन्हा डोकावलो. फेस बसला होता, सळसळ थांबली होती. साखर संपत आली होती, आणि दारू इतकी वाढली होती की तिच्या कर्त्यालाच ती सोसेनाशी झाली होती. पेशी तळाशी गाळ होऊन बसल्या होत्या. अशा थांबलेल्या पेशी नक्कल करत नाहीत, दोराला कोणी हात लावत नाही. आजींनी वरचं दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं आणि तळाचा वाटीभर गाळ मडक्यातच ठेवला. म्हटलं, हा धुऊन नाही काढायचा?

"अवं, मंग पुढल्या खेपेला कशानं उकळन?"

नवी फुलं पडतील तेव्हा त्या गाळात साखर शिरेल, आणि एमसीएमची कडी पुन्हा दोरावर ओवली जातील, दोन-दोन, तोंडं समोरासमोर करून.